मोबाइलवरील रसायन-मार्गदर्शक संगणकावर : अपघात विभागातील एक अभ्यास

घातक रसायनाच्या अपघातात सापडलेला रुग्ण रुग्णालयाच्या दारात येतो, तेव्हा डॉक्टरांना सर्वप्रथम जाणून घ्यावयाचे असते ते हे, की तो कोणत्या पदार्थाच्या सान्निध्यात आला होता. भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली, त्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कारखान्यातून सुटलेला वायू कोणता, याची खात्रीलायक माहिती नव्हती. त्या रात्रीचा विचार केल्यावाचून प्रस्तुत विषयाकडे वळणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आमचे रुग्णालय महामार्गालगत आहे. औद्योगिक वसाहतीत जाणारे टँकर अहोरात्र आमच्या फाटकासमोरून जातात. गेल्या काही वर्षांतील एका पावसाळी रात्री उलटलेल्या टँकरचा चालक व त्याचा सहायक यांना गावकऱ्यांनी टेम्पोतून आणले. टँकरच्या फलकावरील क्रमांक एका तरुणाने आठवणीने टिपून आणला होता. त्या क्रमांकाचा अर्थ सांगणारे ॲप मात्र आमच्याकडे एकाच निवासी डॉक्टरांच्या मोबाइलवर होते आणि ते त्या दिवशी रजेवर होते. त्यांना दूरध्वनीवर गाठेपर्यंत बराच वेळ गेला. दोन्ही रुग्ण सुखरूप घरी गेले. तो विलंब आमच्या मनात राहिला, आणि त्यातूनच पुढील प्रयत्न सुरू झाले.

हे ॲप ज्या ग्रंथावर आधारलेले आहे, तो ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक’, अर्थात ईआरजी. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको येथील परिवहन यंत्रणा तो संयुक्तपणे तयार करतात व साधारणतः दर चार वर्षांनी नवी आवृत्ती काढतात. २०२० नंतरची आवृत्ती २०२४ ची आहे. ग्रंथ परदेशी असला तरी त्याची किल्ली आपल्या रस्त्यांवरही उपयोगी पडते, कारण संयुक्त राष्ट्रांचे चार अंकी यूएन क्रमांक सर्वत्र एकच आहेत. क्लोरीनचा १०१७, पेट्रोलचा १२०३, सल्फ्युरिक आम्लाचा १८३०. पिवळ्या पानांत क्रमांकावरून व निळ्या पानांत नावावरून शोध घेता येतो. नारिंगी पाने काय करावे व काय टाळावे ते सांगतात. हिरव्या पानांत माणसांना किती अंतरावर न्यावे याची कोष्टके आहेत. रात्री हवा स्थिर असल्याने वायू सहज विरत नाही, म्हणून त्या कोष्टकांत दिवसाची व रात्रीची अंतरे निराळी दिलेली आहेत.

मोबाइलवर ॲप असताना संगणकाचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न एका विश्वस्तांनी बैठकीत विचारला होता. तो रास्तच होता. हातमोजे घातलेल्या परिचारिकेस मोबाइलचा पडदा नीट हाताळता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दूषित हातांनी धरलेला मोबाइल पुन्हा खिशात जातो आणि खिशातून घरी जातो. नोंदणी कक्षातील संगणक स्वच्छ बाजूस राहतो, त्याचा मोठा पडदा तिघांना एकाच वेळी वाचता येतो आणि तो कोणाच्याही रजेबरोबर रजेवर जात नाही.

पहिला प्रयत्न फसला. अँड्रॉइडचे ॲप विंडोज संगणकावर चालविण्यास ‘एम्युलेटर’ लागतो, म्हणजे संगणकाच्या पोटात एक आभासी मोबाइल उभा करणारी प्रणाली. देणगीदाखल मिळालेल्या आमच्या जुन्या संगणकात चार जीबी मेमरी होती. प्रणाली कशीबशी सुरू होई आणि क्रमांक टाकताच थिजे. तंत्रज्ञांनी मेमरी वाढविली, तरी गती येईना. अखेर लक्षात आले, की संगणकाच्या बायोस या मूळ मांडणीत ‘व्हर्च्युअलायझेशन’ची सोयच बंद होती. ती सुरू करताच चित्र पालटले. एवढ्याशा गोष्टीत आमचे तीन आठवडे गेले, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो, जेणेकरून अन्य रुग्णालयांचे तेवढे दिवस वाचावेत.

विंडोजमध्येच अँड्रॉइड ॲप चालविण्याची मायक्रोसॉफ्टची स्वतःची सोय मार्च २०२५ मध्ये बंद झाली असल्याने तो मार्ग आता उरलेला नाही. ज्यांच्याकडे ॲपलच्या एम श्रेणीतील चिपचा संगणक आहे, त्यांना आयफोनची काही ॲप थेट चालविता येतात. मात्र ॲप बनविणाऱ्याने तशी मुभा दिलेली असावी लागते. ॲप अधिकृत प्ले स्टोअरमधूनच घ्यावे आणि प्रकाशकाचे नाव तपासावे. सारख्या नावाची इतर ॲपही तेथे आढळतात. त्यासाठी लागणारे गूगल खाते रुग्णालयाच्या नावाचे असावे. आमचे पहिले खाते एका डॉक्टरांच्या वैयक्तिक नावावर होते. ते नोकरी सोडून गेले आणि परवलीचा शब्दही त्यांच्यासोबत गेला.

सर्व जुळून आल्यावर आम्ही रंगीत तालीम घेतली. रुग्णवाहिकेतून दूरध्वनी आला : ‘एक शून्य शून्य पाच’. गोंगाटात ऐकणाऱ्या परिचारिकेने १०५० लिहिले. १००५ म्हणजे अमोनिया आणि १०५० म्हणजे हायड्रोजन क्लोराइड. विशेष असे, की ग्रंथात दोहोंसाठी नारिंगी पान एकच, १२५ वे. त्यामुळे पडद्यावरचा सल्ला वाचताना कोणासही शंका आली नाही. परंतु अमोनिया अल्कधर्मी आहे आणि दुसरा वायू आम्लधर्मी. अल्कलीची इजा डोळ्यात खोलवर उतरत जाते, म्हणून डोळे अधिक वेळ पाण्याने धुवावे लागतात व लिटमस कागदाने पुनःपुन्हा तपासावे लागतात. हिरव्या पानांतील अंतरेही वेगळी आहेत. ही तालीम नसती तर हा दोष आमच्या ध्यानात आला नसता. तेव्हापासून क्रमांक ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणावा, पडद्यावर आलेले रसायनाचे नाव सांगणाऱ्यास ऐकवावे आणि मगच पुढे जावे, असा दंडक आहे. संबंधित परिचारिकेनेच तो सुचविला.

हा ग्रंथ घटनास्थळी प्रथम पोहोचणाऱ्यांसाठी, पहिल्या काही मिनिटांसाठी लिहिलेला आहे. औषधयोजनेचे पुस्तक म्हणून त्याकडे पाहणे चुकीचे ठरेल. आम्हांस त्याचा उपयोग होतो तो दारातील निर्णयासाठी : कपडे बाहेरच उतरवावेत काय, स्नान घालावे काय, कर्मचाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी. कीटकनाशकाने भिजलेले कपडे रुग्णाइतकेच शुश्रूषा करणाऱ्यालाही बाधतात.

चार महिन्यांच्या वापरानंतर आमचे मत थोडे बदलले, हेही सांगितले पाहिजे. एम्युलेटर सुरू होण्यास वेळ घेतो आणि नेमक्या घाईच्या क्षणी स्वतःस अद्ययावत करू लागतो. अमेरिकेतील नोआ व पर्यावरण संरक्षण संस्था यांचे ‘कॅमिओ केमिकल्स’ हे मोफत साधन मात्र संगणकासाठीच्या स्वतंत्र रूपातही मिळते. ते इंटरनेटशिवाय चालते, त्यात ईआरजीची पाने आहेत आणि दोन रसायने एकत्र आल्यास काय घडू शकते, याचाही अंदाज ते देते. आज तेच आमचे पहिले साधन आहे आणि एम्युलेटरवरील ॲप दुसरे. तिसरे म्हणजे मूळ ग्रंथाची छापील, बांधून घेतलेली प्रत, जी वीज गेली तरी उघडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे ‘वायझर’ हे नावाजलेले साधन फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद करण्यात आले. हे कळल्यापासून एकाच साधनावर विसंबू नये, याबाबत आमच्यात दुमत राहिलेले नाही.

रुग्णांच्या आप्तांस एक विनंती. टँकरच्या अपघातातील रुग्ण आणताना, जवळ न जाता दुरून दिसत असेल तरच फलकावरील चार अंक टिपून घ्यावेत; फोटो असल्यास उत्तम. धान्यात ठेवावयाची विषारी गोळी कोणी घेतली असल्यास वेष्टन सोबत आणावे आणि वाहनाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण ओलाव्याशी संयोग होऊन त्या गोळीतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो व तो उलटीतूनही बाहेर पडतो.

संगणकाची मेमरी, अखंड वीजपुरवठ्याचे यंत्र व ग्रंथाची बांधणी हा सर्व खर्च देणगीदारांच्या औदार्यातून झाला, याची कृतज्ञतापूर्वक नोंद करतो. प्रवेशद्वाराबाहेर स्नानासाठी पाण्याची स्वतंत्र नळवाहिनी घालण्याचे काम अद्याप बाकी आहे. तूर्त बागेचा रबरी पाइप फाटकाशी गुंडाळून ठेवला असून दर सोमवारी तो जोडून पाहिला जातो.