हात मागे ठेवण्याविषयी

चिरंजीवांस मोठ्या काकांचे अनेक आशीर्वाद.

न्यू जर्सीतील शाळेच्या रोबोटिक्स संघावर मेंटर, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारा प्रौढ स्वयंसेवक, म्हणून चिरंजीव काम करू लागले याचा आनंद घरात सर्वांना असला, तरी धाकट्या आत्यांकडून कळलेल्या गोष्टीने काकांच्या जिवाला घोर लागला आहे. सराव सामन्यात संघातील मुलींनी केलेल्या वायरिंगने दगा देताच चिरंजीवांनी ती रात्रीतून स्वतः बदलून टाकली, आणि तेव्हापासून ते कार्यशाळेत आले की मुले गप्प होतात, असे आत्या सांगतात. त्या गप्प होण्यालाच चिरंजीव आदर समजत असतील, तर ते फार वाईट आहे.

बारा व्होल्टच्या बॅटरीचा एखादा जोड सैल राहिला की विजेचा दाब कोसळतो आणि नियंत्रक, म्हणजे रोबोट चालवणारा छोटा संगणक, मोटारी आपणहून बंद करतो. यावर उपाय एवढाच की प्रत्येक जोड हाताने ओढून पाहावा, आणि ही गोष्ट त्या मुलींना एका संध्याकाळी शिकवता आली असती. आता पिटमध्ये, म्हणजे दोन सामन्यांच्या मध्ये दुरुस्ती करण्याच्या जागेत, कोणती तार कुठे जाते हे त्यांनी कोणाला विचारायचे? सुरक्षेची गोष्ट वेगळी: ग्राइंडरजवळ कोणी संरक्षक चष्म्याविना उभे असेल, तर चिरंजीवांनी तत्क्षणी हात धरून थांबवावे, तेथे संकोच नको; इतरत्र मात्र मुलांचा निर्णय फसणार असे दिसत असूनही तो त्यांना करू द्यावा.

डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या रोबोटिक्स स्पर्धेत एमआयटीचे दिवंगत प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांच्या नावाने मेंटरांना १९९६ पासून पुरस्कार दिला जातो, आणि त्यासाठी मेंटरची शिफारस विद्यार्थी करतात. आदर कोणी ठरवायचा, हे तेथे इतके स्पष्ट आहे.

काकांच्या तांत्रिक शाळेत सरांनी विद्यार्थ्यांचे जॉब, म्हणजे सरावासाठी घडवायचे भाग, स्वतः कानसून प्रदर्शनात मांडले; त्यांतल्या एकावर नाव काकांचे आणि हात सरांचा होता. गुण मिळाले, पण कानस धरताना मनगटाला भरवसा कधी आला नाही, याची खंत या वयातही जात नाही. म्हणूनच त्या मुलींची काळजी पुन्हा पुन्हा मनात येते.

हे रागाने लिहिले असे चिरंजीवांनी समजू नये. घरातल्या अण्णांचा ट्रान्झिस्टर चिरंजीवांनी लहानपणी उघडून टेबलभर मांडला, तेव्हा अण्णा शेजारी बसून नुसते पाहत राहिले, आणि ती माया चिरंजीवांच्या स्वभावात उतरलेली आहे, याबद्दल घरात कोणालाही शंका नाही. स्पर्धेच्या घाईत थकवा येतो आणि हात पुढे जातो, एवढेच.

त्या मुलींना बोलावून वायरिंग त्यांच्याच हातून पुन्हा करून घ्यावे. रात्री बर्फातून गाडी सावकाश चालवावी, जेवण चुकवू नये, आणि रविवारी आईला फोन करावा. ती वाट पाहते.