स्पॅनिशचा भविष्यकाळ : पाठ करण्याचा की समजण्याचा?

परकी भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत अधिक धास्ती वाटते ती धातू चालविण्याची. मीदेखील स्पॅनिशच्या भविष्यकाळाची अठरा रूपे प्रथम वहीत उतरून घोकली आणि आठ दिवसांत विसरलो. पुढे लक्षात आले की, ती अठरा नव्हतीच. ती कशी, हे येथे थोडक्यात पाहू.

स्पॅनिश धातूचे मूळ रूप, म्हणजे आपल्या ‘बोलणे’, ‘खाणे’ यांसारखे रूप, ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ने संपते. उदाहरणार्थ, आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबिर (राहणे). वर्तमानकाळात हा शेवट काढून प्रत्यय लावतात, आणि ते गटागणिक बदलतात : ‘तू बोलतोस’ म्हणजे आब्लास, पण ‘तू खातोस’ म्हणजे कोमेस. भविष्यकाळात मात्र काहीच काढायचे नसते. मूळ रूप अखंड ठेवून पुढे प्रत्यय जोडावयाचा :

मी बोलेन — आब्लारे
तू बोलशील — आब्लारास
तो, ती बोलेल — आब्लारा
आम्ही बोलू — आब्लारेमोस
तुम्ही (अनेक) बोलाल — आब्लारेइस
ते, त्या बोलतील — आब्लारान

एकाच व्यक्तीला आदराने ‘तुम्ही’ म्हणताना ‘तो’चे रूप वापरतात. हेच सहा प्रत्यय तिन्ही गटांना लागतात : कोमेरे (मी खाईन), बिबिरेमोस (आम्ही राहू). मराठीप्रमाणेच येथेही ‘मी बोलेन’ हे स्त्री-पुरुष दोघांचेही रूप आहे.

हे प्रत्यय आले कोठून? स्पॅनिशमध्ये ‘आबेर’ हे सहायक क्रियापद आहे. त्याची वर्तमानकाळी रूपे अशी : ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. वरच्या प्रत्ययांशी ताडून पाहिल्यास आबेइसचा ‘आब’ तेवढा गळलेला दिसेल. लॅटिनचा जुना भविष्यकाळ लोकांच्या बोलण्यातून मागे पडला आणि त्याच्या जागी ‘मला बोलायचे आहे’ अशा अर्थाची जोडरचना रूढ झाली. पुढे दोन शब्दांचा एक शब्द झाला. आन्तोनियो दे नेब्रिहा याने १४९२ च्या आपल्या व्याकरणात ही जोडणी नोंदविली आहे. गोव्यात १९६१ पर्यंत राज्यकारभाराची भाषा असलेल्या पोर्तुगीजमध्ये तर औपचारिक लेखनात मूळ रूप आणि प्रत्यय यांच्यामध्ये ‘तुला’, ‘त्याला’ ही सर्वनामे अजूनही घालता येतात. म्हणजे तेथे हा सांधा उघडा दिसतो.

येथे एका गोष्टीची काळजी घेतली पाहिजे. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपले तिकडे दुर्लक्ष होते. ‘आब्लारा’तील ‘रा’वर जोर दिला तर ‘तो बोलेल’. ‘ब्ला’वर दिला तर ‘तो बोलला असता तर’ अशा वाक्यातील संकेतार्थी रूप होते. वचन द्यावयाचे आणि शंका व्यक्त व्हावयाची! म्हणून लेखनात ‘आब्लारेमोस’ वगळता बाकी पाचही रूपांच्या प्रत्ययावर आघातचिन्ह देतात.

अपवाद आहेत, पण मुख्य असे डझनभरच. आणि त्यांतही बदलते ते अंग, प्रत्यय नव्हे. ‘आसेर’ (करणे) याचे ‘आरे’ होते. उलट वर्तमानकाळात छळणारी ‘सेर’ (असणे) आणि ‘इर’ (जाणे) ही क्रियापदे येथे अगदी नियमित चालतात : सेरे, इरे.

आणखी एक साम्य सांगतो. ‘तो घरी असेल’ असे आपण म्हणतो, तेव्हा उद्याचे नव्हे, आत्ताचेच अनुमान करीत असतो. स्पॅनिश माणूसही तसेच म्हणतो : ‘एस्तारा एन कासा’. भविष्यकाळाने अंदाज सांगण्याची ही रीत आपल्याला मुद्दाम शिकावी लागत नाही.

एकूण अठरा रूपे नाहीत. सहा प्रत्यय आहेत आणि तेही एकाच क्रियापदाचे. घोकण्यापूर्वी ‘हे असे का?’ एवढे विचारले असते, तर माझे आठ दिवस वाचले असते. वाचकांनी आता ‘कान्तार’ (गाणे) हा धातू स्वतःच चालवून पाहावा.

— द्वितीय वर्ष, कला