विस्मृतीचा भूगोल

प्रास्ताविक

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तुमच्या परिचयाची असेल. वय वाढले की बुद्धी क्षीण होणारच आणि ती सर्वांचीच होणार, असे या म्हणीत गृहीत धरलेले आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. असे का होते, याचा विचार प्रस्तुत पाठात मुख्यतः अमेरिकेतील संशोधनाच्या आधारे केला आहे.

पाठ

चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या विसरण्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. माणसाला ओळखीची वाट सापडत नाही, शब्द आठवत नाहीत, पुढे पुढे घरची माणसेही परकी वाटू लागतात. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली अशा एका स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडणे हे दुसरे मोठे कारण होय. हे दुसरे कारण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील विवेचनात ते पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत कृष्णवर्णीय वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण गौरवर्णीय वृद्धांच्या सुमारे दुप्पट आढळते. हा दोष रक्तातच असावा, असे कोणाच्याही मनात प्रथम येईल. या समजुतीची परीक्षा पाहणारा एक अभ्यास १९९२ साली सुरू झाला. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरातील कृष्णवर्णीय वृद्ध आणि पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशाच्या इबादान शहरातील योरुबा वृद्ध यांची एकाच पद्धतीने तपासणी करण्यात आली. अमेरिकन कृष्णवर्णीयांचे पूर्वज गुलाम म्हणून नेले गेले ते प्रामुख्याने पश्चिम आफ्रिकेतूनच. म्हणजे वंशाचे नाते जवळचे, परंतु आयुष्ये मात्र अगदी भिन्न. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयाचा फरक हिशेबात धरूनही, इंडियानापोलिसमध्ये दर शंभर वृद्धांमागे वर्षाला ३.२४ जणांना नव्याने स्मृतिभ्रंश होत होता, तर इबादानमध्ये १.३५ जणांना. या आजाराशी निगडित मानले जाणारे एक जनुक योरुबा लोकांतही आढळते, परंतु तेथे त्याचा आजाराशी असलेला संबंध पुष्कळच दुबळा दिसला. इबादानमधील वृद्धांत उच्च रक्तदाब आणि मधुमेह कमी होते. एका अभ्यासाने सारेच सिद्ध होत नाही हे खरे, पण रक्ताला दोष देऊन मोकळे होण्याची सोय मात्र त्याने उरू दिली नाही.

आता वंशाकडून प्रदेशाकडे वळू. अमेरिकेच्या आग्नेय भागातील मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सा, टेनेसी आदी राज्यांत पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कित्येक दशके अधिक आहे. म्हणून त्या भागाला ‘पक्षाघाताचा पट्टा’ असे नावच पडले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तेथून दूर असलेल्या कॅलिफोर्नियातील सात हजारांहून अधिक लोकांची पाहणी होती. हे सर्वजण एकाच आरोग्यसंस्थेचे सभासद होते. म्हणजे दवाखान्याची दारे सर्वांना सारखीच उघडी होती. तरीही ज्यांचा जन्म पक्षाघाताचे मृत्यू अधिक असलेल्या राज्यांत झाला होता, त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका २८ टक्क्यांनी अधिक निघाला. गाव सुटले, परंतु बालपण सुटले नाही!

त्या बालपणात काय होते? १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवीपर्यंत दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. त्यांना पैसा कमी, शिक्षक कमी, पुस्तके बहुधा गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत खेड्यांतील मुले वर्गाऐवजी शेतात असत. अशा शाळेतील सहा वर्षे आणि दुसऱ्या शाळेतील सहा वर्षे कागदावर सारखी दिसतात, एवढेच. न्यूयॉर्कमधील संशोधक जेनिफर मॅन्ली यांनी म्हणून शाळेची वर्षे न मोजता वृद्धांची वाचनक्षमता मोजली. तेव्हा बुद्धिचाचण्यांतील कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय यांच्या गुणांतील अंतर बरेच घटले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. चाचणी विस्मृती मोजते की शाळा मोजते? नेहमीच्या चाचणीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य लिहून घेतात. ज्याच्या हाती कधी पाटीच आली नाही, तो शहाणा माणूसही यात मागे पडेल. ही अडचण आपल्या देशात हरियाणातील बल्लभगड येथे संशोधकांना जाणवली आणि निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून निराळी चाचणी तयार झाली. वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा’ असे तिच्यात विचारले जाते. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख वृद्धांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आहे. शाळेपासून दूर राहिलेले कोण, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत निदानही सर्वांचे वेळेवर होत नाही. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना, औषध उपलब्ध झाल्यावरही, केवळ निरीक्षणासाठी उपचारांवाचून ठेवले गेले. तो अविश्वास घराघरांत पोहोचला आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांत कृष्णवर्णीय फार थोडे असतात; त्यामुळे ती औषधे त्यांना कितपत लागू पडतात हे नीट कळत नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी पिढ्यान् पिढ्या चाललेल्या एका अभ्यासातून २०१६ साली असे दिसून आले की, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे नव्याने स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी घटत आले आहे. ही घट मात्र शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्यांतच आढळली.

विचार करा आणि लिहा

१. इंडियानापोलिस आणि इबादान येथील वृद्धांचीच तुलना करण्यामागे संशोधकांचा हेतू काय असावा?

२. ‘गाव सुटले, परंतु बालपण सुटले नाही’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. तुमच्या परिसरातील, शाळेत न गेलेल्या एखाद्या आजी-आजोबांची स्मरणशक्ती तपासायची झाल्यास तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?