घर, गाडी आणि फोन

पगार सुरू झाला, आता भाड्याचं घर शोधतेयस, असं ताई म्हणाली. मग मावशीचं जरा ऐक. यातलं बरंचसं लोकांनी मोजूनमापून पाहिलेलं आहे.

खोल्या नंतर मोज, आधी ऑफिसला पोचायला किती वेळ लागतो ते बघ. डॅनियल कानेमन, ते नोबेलवाले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या नऊशेच्या वर नोकरदार बायकांकडून आदल्या अख्ख्या दिवसाचा हिशेब घेतला: काय केलं, तेव्हा कसं वाटत होतं. 2004 साली तो अभ्यास छापून आला. सगळ्यात तळाला होता सकाळचा कामावर जायचा प्रवास. म्हणून घर पसंत पडलं तरी एकदा सोमवारी सकाळी तिथून ऑफिसला जाऊन बघ. एजंट रविवारी दुपारी नेतो, तेव्हा सगळेच रस्ते मोकळे असतात.

लांबचा प्रवास टळत नसेल, तर शेजारच्या सीटवरच्या बाईशी बोल. शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी गाडीतल्या काही प्रवाशांना अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. नुसता अंदाज विचारला, तेव्हा मात्र लोकांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. लोकलच्या लेडीज डब्यात भाजी निवडत डोहाळजेवणं करणाऱ्या बायकांना हे सांगायला शिकागोची गरज नव्हती म्हणा.

पैशाने सुख मिळत नाही, असं कोणी शहाणपणाने सांगितलं तर मान डोलव आणि पगारवाढ मागच. कमाई वाढली की बहुतेकांचं समाधानही वाढतं, हे 2023 मध्ये खुद्द कानेमन यांनीही मान्य केलं. फक्त थोडे पैसे दुसऱ्यावर खर्च कर. व्हँकुव्हरला एलिझाबेथ डन यांनी लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलरचं पाकीट दिलं. संध्याकाळपर्यंत काहींनी ते स्वतःवर उडवायचे होते, काहींनी दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्चणारे जास्त खूश होते, मग रक्कम कुठलीही असो. उसने देणं यात धरू नकोस, त्याने मैत्री जाते.

आता मुख्य गोष्ट. हार्वर्डच्या एका अभ्यासात 1938 पासून 268 विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली 456 मुलं यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवलं. सगळे पुरुषच. बायकांना फार उशिरा विचारलं, हे मला खटकतंच. तरी निघालं ते मोलाचं आहे. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीला जास्त धडधाकट होते. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून एवढा अंदाज येत नव्हता. आणि ती सगळीच नाती गोडगोड नव्हती. काही म्हातारी जोडपी रोज कुरकुरायची, पण अडीनडीला हा माणूस उभा राहील, एवढी खात्री होती. त्यामुळे जो भांडतो पण रात्री दवाखान्यात बरोबर येतो, त्याला सोडू नकोस.

अशा माणसांना पहिला फोन तू कर. वाढदिवसाची वाट नको, 'सहज केला' एवढं कारण पुरतं. आपला फोन समोरच्याला किती बरा वाटेल, हे आपल्याला नेहमी कमीच वाटतं, तेही तपासून झालंय. तुझी ती शाळेतली मैत्रीण नाशिकला गेली ना, तिच्यापासून सुरुवात कर. नाही उचलला, तर रागावू नकोस. आठवड्याने परत कर.