हात धुतले की विटाळ संपला



दीक्षा घेतलेली पुष्कळ कुटुंबे विचारतात, "गुरुजी, बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या, वंदना येते. आता रोजच्या जगण्यात धम्म कसा आणावा?" या प्रश्नाचे एक उत्तर तेराशे वर्षांपूर्वी इत्सिंग नावाच्या चिनी भिक्खूने लिहून ठेवले आहे.

इ.स. ६७१ मध्ये इत्सिंग जहाजाने चीनहून निघाला. वाटेत सुमात्रा बेटावर सहा महिने थांबून त्याने संस्कृतचा अभ्यास केला. ६७३ मध्ये तो ताम्रलिप्तीला उतरला आणि पुढे नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला. मायदेशीच्या भिक्खूंसाठी त्याने जे पुस्तक लिहिले, त्यात साध्या साध्या गोष्टी आहेत: दात कसे घासावे, पाणी कसे गाळावे, जेवताना कसे बसावे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे पुस्तक प्रथम हाती आले, तेव्हा त्यातील शुद्ध-अशुद्धाची चर्चा पाहून मला राग आला. माझ्या आईने लहानपणी वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यालेले आहे. तोच विटाळ येथेही? मी पुस्तक मिटले. दोन दिवसांनी पुन्हा उघडले, तेव्हा फरक ध्यानात आला.

इत्सिंग सांगतो, जेवण झाल्यावर हात धुऊन चूळ भरेपर्यंत माणूस अशुद्ध असतो. अशा उष्ट्या अवस्थेत त्याने कोणाला वंदन करू नये आणि कोणाचे घेऊही नये. म्हणजे वंदन करणारा आणि घेणारा, दोघांनाही नियम एकच. हात धुतले की विटाळ संपला!

आता दुसरी बाजू पाहा. इ.स. ४०० च्या सुमारास आलेला फा-हियान लिहितो की, चांडाळांना गावाबाहेर राहावे लागे आणि नगरात शिरताना लाकूड वाजवावे लागे, म्हणजे लोक त्यांना टाळून चालत. हा विटाळ कोणत्या पाण्याने धुतला जाणार होता? १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तर तळ्याचीच 'शुद्धी' करण्यात आली. एक घाण हाताला लागते, ती धुता येते. दुसरी मनात असते आणि ती दुसऱ्याच्या जन्मावर लादली जाते. पहिली आपण रोज धुवावी, दुसरी कधीही मानू नये.

इत्सिंगच्या पुस्तकातून तीन गोष्टी घरी आणा.

१. पाणी गाळून प्या. भिक्खू पाणी गाळत ते त्यातील जीव मरू नयेत म्हणून. हे पहिले शील झाले. त्यातच आरोग्यही आहे. नारूचा रोग पाणी गाळल्याने टळतो. अशा साध्या उपायांनी इ.स. २००० मध्ये आपला देश नारूमुक्त जाहीर झाला.

२. सकाळी दात व जीभ घासा. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर हात धुवा. मुलांना सांगण्याआधी स्वतः करा.

३. प्रवासाला जाल तेव्हा वही न्या. इत्सिंगने परक्या देशातील चांगले टिपले आणि आपल्या लोकांच्या चुका न लपवता दाखवल्या. आपणही असेच पाहावे.

आमच्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत लाखो बंजारा बांधव येतात. त्या उन्हात पाणी कोणाच्या हातचे हे पाहू नका. हात धुतलेले आहेत का, एवढेच पाहा.

मागच्या सुट्टीत आईला अजिंठ्याला नेले होते. आपले वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म. तेथील वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील शिलालेख १७ क्रमांकाच्या लेण्यात आहे. दात्याने गोड, थंड, निर्मळ पाण्याचे मोठे टाके करविले, असे त्यात कोरले आहे. मी ते आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "इथं आपल्याले पाणी वरून वतलं असतं का रे?"

मी तिला न्हावी उपालीची गोष्ट सांगितली. शाक्य राजपुत्रांनी त्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे त्यांना त्याच्यापुढे वाकावे लागेल आणि त्यांचा अभिमान गळेल.

आज रात्री जेवणानंतर हा पाठ घरात मोठ्याने वाचा आणि मुलांना विचारा: धुतल्याने जाणारी घाण कोणती, आणि विचाराने जाणारी कोणती?

भवतु सब्ब मंगलं.