आधी शेत बघ, मग ग्लायडर

अगं, तू पाठवलेले फोटो सगळे बघितले. पांढराशुभ्र, सडसडीत, खऱ्याखुऱ्या सेलप्लेनसारखा दिसणारा तो ग्लायडर कुणालाही भुरळ घालेल. त्यात दिवाळीचा बोनस हातात, बदलीचं गाव नवं, ओळखी अजून जेमतेम आणि रविवार रिकामा. ग्लायडर घ्यायला माझी ना नाही. पण तो नको घेऊस. आणि आत्ताही नको घेऊस.

लगेच तोंड पाडू नकोस, नीट सांगते. पहिला ग्लायडर बहुतेक जण फोटो बघून निवडतात. तू शेत बघून निवड. तो तुला कुंभकोणमच्या आकाशात उडवायचाय आणि कुंभकोणमच्याच जमिनीवर उतरवायचाय. डोंगरउतारावर वारा आपटून वर चढतो, त्यावर ग्लायडर तासन् तास तरंगतो, हे तू कुणाच्या तरी व्हिडिओत बघितलं असशील. तुझ्याकडे डोंगर कुठाय? उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार आणि मध्ये ताटासारखा सपाट मुलूख. तुला वर नेणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे थर्मल.

थर्मल कोरड्या जमिनीवर उठतं. ऊन लागलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि बुडबुड्यासारखी सुटून वर जाते. पाण्यात उभ्या भातावर तेच ऊन पडलं तर त्यातलं बरंचसं पाण्याची वाफ करण्यात खर्च होतं, हवा फारशी तापत नाही. आत्ता तुझ्या अवतीभवती सांबा हंगामाचं भात पाण्यात उभं आहे आणि डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस आहे. म्हणजे वर थर्मल नाही आणि खाली चिखल. त्यात पडलेला ग्लायडर पुसून घेता येईल, पण आतला रिसीव्हर, सर्व्हो आणि बॅटरी यांचं काय?

पोंगलच्या आगेमागे कापणी सुरू होते. पण कापलेलं शेत म्हणजे मोकळं शेत, असं समजू नकोस. त्या भागात भात कापायच्या आठ-दहा दिवस आधीच उभ्या पिकात उडीद-मूग फेकून पेरतात. वरवर नुसती खुंटं दिसली तरी त्यांच्यामध्ये कोवळी रोपं असतात आणि ती तुडवलीस तर शेतकरी बोलणारच. तेही पीक निघालं की मग शेतं खरी मोकळी होतात. तिथून मेट्टूर धरणाचं पाणी येईपर्यंत तुझा हंगाम. ते पाणी रिवाजाने 12 जूनला सोडतात, वर्षागणिक थोडं मागेपुढे होतं. तेव्हा मार्चअखेर ते जूनचा पहिला आठवडा, एवढं डोक्यात धर. आज घेतलेला ग्लायडर तोवर कपाटावर धूळ खाईल, नाहीतर तुला धीर न निघून एखाद्या रविवारी नारळाच्या झाडात जाऊन बसेल. त्यापेक्षा हे महिने शिकण्यात घालव. त्याचं पुढे सांगते.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न, तो वर जाणार कसा? लांब रबर आणि दोरी ताणून सोडायची एक पद्धत आहे. तिला दीडशे मीटरच्या वर सरळ, मोकळी जागा लागते. तुझ्याकडे तुकड्या-तुकड्यांची शेतं, मध्ये बांध, कडेला नारळ आणि पंपांच्या विजेच्या तारा, तेव्हा ती सोड. दुसरा प्रकार थाळीफेकीसारखा गिरकी घेऊन फेकायचा, डीएलजी म्हणतात तो. दिसायला फार देखणा खेळ, पंख दीड मीटरचे, वजन अगदी हलकं. पण तो नाजूक असतो, महाग असतो आणि फेकल्यापासून उतरेपर्यंत फार सावध हात मागतो. तो तुझा तिसरा ग्लायडर असू दे. पहिल्याला नाकात छोटी मोटर आणि मिटणारा पंखा हवा. मोटर वीस-तीस सेकंद चालवायची, उंची मिळाली की बंद करायची. पंख्याची पाती मागे मिटून अंगाला चिकटतात आणि तिथून पुढे तो नुसता ग्लायडर. उतरताना अंदाज चुकला, समोर झाड आलं, तर मोटर पुन्हा लावून वर निघून जाता येतं. नवशिक्या माणसाला ही दुसरी संधी फार मोलाची.

दुसरा प्रश्न पंखांचा. तू पाठवलेल्या त्या देखण्या ग्लायडरचे पंख जवळजवळ सरळ आहेत आणि त्यांना एलरॉन, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, आहेत. असा ग्लायडर वळवलास की वळलेलाच राहतो, त्याला सरळ तुलाच करावं लागतं. आणि नवशिक्याचा गोंधळ नेमका तिथे होतो. ग्लायडर आपल्याकडे तोंड करून येत असला की डावं-उजवं उलटं वाटायला लागतं. म्हणून पहिल्या ग्लायडरला फक्त शेपटीवरचे रडर आणि एलेव्हेटर असावेत आणि पंखांची टोकं टप्प्याटप्प्याने वर उचललेली असावीत. नीट तोललेला असा ग्लायडर ट्रान्समीटरच्या काड्या सोडून दिल्यास तरी बहुतेक वेळा आपला आपण सावरतो. आपण तेवढ्यात श्वास घेतो, विचार करतो, मग हात लावतो. विचार करायला वेळ देणारा तोच पहिला ग्लायडर, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंस तरी दुकानदार तुला काही भलतं विकू शकणार नाही.

मापाचं म्हणशील तर दोन मीटरचे पंख घे. याहून लहान असला तर उंचावर टिपका होतो, आणि मोठा असला तर तुझ्या स्कूटरवरून न्यायचा कसा? पंख मधून दोन भागांत निघणारे असले की प्रश्न मिटला. वजन आठशे-नऊशे ग्रॅमच्या आसपास ठेव, जडपणा आला की तो भरभर उडतो आणि भरभर खाली येतो. सामान ईपीओ फोमचं असू दे. बाल्साचा ग्लायडर हाताने बांधण्यात वेगळीच मजा आहे, पण तो आपटला की आठवडाभर दुरुस्ती. ईपीओ मोडला तर शेताच्या बांधावर बसून फेविक्विकने जोडता येतो. मात्र साध्या थर्माकोलला फेविक्विक लावू नकोस, तो विरघळतो. आणि कुठलाही फोम बंद गाडीत उन्हात ठेवू नकोस, पंख पिळवटतात.

या सगळ्यात बसणारं नाव म्हणजे रेडियन. आधी पार्कझोनने काढला, मग ई-फ्लाइटच्या नावाने आला. दोन मीटर, रडर-एलेव्हेटर, नाकात मोटर. मल्टिप्लेक्सचा ईझीग्लायडर आणि व्होलांटेक्सचा फिनिक्स हेही नावाजलेले, पण त्यांना एलरॉन आहेत, ते दुसऱ्या पायरीवरचे. कुणाचा वापरलेला मिळत असेल तर जरूर बघ. पंख डोळ्यांच्या रेषेत धरून मागच्या कडेवरून नजर फिरव. कड एका बाजूला पिळलेली दिसली तर हसून परत दे. सर्व्हो हलवून बघ, दातरे तुटलेला सर्व्हो मधेच अडखळतो आणि कुरकुरतो.

आणखी एक गोष्ट फोटोत कधी दिसत नाही, पंखांच्या खालच्या बाजूचा रंग. उन्हाळ्यात तुझं आकाश पांढुरकं असणार, त्यावर पांढरा ग्लायडर विरघळून जातो. खालून गडद रंग हवा, नसेल तर काळे रुंद पट्टे चिकटव. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तर भर दुपारी सूर्य कुंभकोणमच्या अगदी डोक्यावर असतो. ग्लायडर घिरट्या घालता घालता सूर्याच्या आड गेला की डोळ्यांपुढे अंधारी येते. गॉगल घाल आणि सकाळी नऊ ते साडेअकरा एवढंच उडव.

पैशांचा हिशेब आधीच मांड. खोक्यावर आरटीएफ लिहिलं असेल तर सगळं आत असतं. बीएनएफमध्ये ट्रान्समीटर नसतो आणि पीएनपीमध्ये ट्रान्समीटर, रिसीव्हर, बॅटरी यांतलं काहीच नसतं. ट्रान्समीटर मात्र एकदाच नीट घे, 2.4 गिगाहर्ट्झचा, किमान सहा चॅनलचा, मोड 2 वाला. ग्लायडर बदलत जातील, तो राहील. परदेशातून मागवायचा बेत असेल तर सोडून दे. फेब्रुवारी 2022 पासून आपल्याकडे तयार ड्रोन आणि त्यांचे जुळणी-संच आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. कस्टममध्ये ग्लायडर म्हणजे ड्रोन नव्हे, हे पटवत बसायची हौस आहे का तुला? इथल्याच विक्रेत्याकडून घे.

नियमांचंही ऐकून ठेव. 2021 च्या ड्रोन नियमांत आपले हे खेळही येतात. 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोपर्यंत वजन म्हणजे मायक्रो वर्ग, आणि हौसेसाठी मायक्रो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. नोंदणीचं काय ते मात्र खरेदीच्या आधी वाचून घे. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर तुझं शेत कुठल्या रंगात पडतं तेही बघ. हिरव्या भागात 400 फूट, म्हणजे 120 मीटरपर्यंत मोकळीक असते. तंजावरला हवाई दलाचा तळ आहे, 2020 पासून तिथे सुखोई-30 आहेत, म्हणून त्या नकाशाचा कंटाळा करू नकोस. एक छोटा अल्टिमीटर लाव, उंचीच्या बाबतीत डोळे हमखास फसवतात.

आता जरा आपल्या दोघींतलं. शेतात एकटी मुलगी हातात रिमोट घेऊन आकाशाकडे बघत उभी राहिली की माणसं जमणार. पहिला संशय ड्रोनचा, दुसरा कॅमेऱ्याचा. ‘कॅमेरा इल्लै, अण्णा’ हे तीन शब्द पाठ कर आणि ग्लायडर त्यांच्या हातात देऊन दाखव. शेतमालकाला आधीच विचार. तमिळ अडत असेल तर तुझ्या बँकेत किंवा गल्लीत एखादं तंजावरी मराठी घर शोध. बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमातच जन्मले. मराठी तिथे पाहुणी नाही. अशा घरातली एखादी आजी तुझ्यासाठी शब्द टाकेल आणि वर जेवायलाही बसवेल.

आणि ओढणी घालून मोटरजवळ जायचं नाही. केस घट्ट बांध, ओढणी घरी ठेव. बॅटरी जोडलीस की पंखा कधीही फिरू शकतो, असंच धरून चाल. आधी ट्रान्समीटर चालू, मग बॅटरी. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद. लिपो बॅटरी चार्जिंगला लावून ऑफिसला जायचं नाही.

मार्चपर्यंत करायचं काय, ते आता ऐक. पिकासिम नावाचा ग्लायडरचा सिम्युलेटर फुकट मिळतो. रोज रात्री पंधरा-वीस मिनिटं त्यावर समोरून येणारा ग्लायडर वळवायचा सराव कर. आणि रोज सकाळी गच्चीवर चहा घेताना घारींकडे बघ. तुझ्याकडे ब्राह्मणी घारी भरपूर. गरुडदर्शन म्हणून लोक त्यांना हात जोडतात, तू त्यांच्या घिरट्या बघ. पंख न हलवता घार गोल फिरत वर चढतेय, म्हणजे तिथे थर्मल आहे. ते वाऱ्याबरोबर कसं सरकतं आणि घार त्याच्यामागे कशी सरकते, हे दोन-तीन महिने बघितलंस तर अर्धं शिक्षण तिथेच झालं.

मग शेत मोकळं झालं की पहिल्या दिवशी मोटर लावूच नकोस. वाऱ्याकडे तोंड कर, नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेव आणि भाला टाकावा तसा सरळ सोड. मान वर करून थबकला आणि आपटला तर नाक हलकं आहे, बॅटरी थोडी पुढे सरकव. पहिल्या दिवशी तोल जमला तरी पुरे. पुढच्या खेपेला मोटर लाव आणि 60 मीटरवर बंद कर. शांत हवेत असा ग्लायडर सेकंदाला साधारण अर्धा मीटर उतरतो, म्हणजे दोन मिनिटं तुला कुणीही दिली असती. त्यावरचं प्रत्येक मिनिट तुझी कमाई. ग्लायडरच्या एफ5जे स्पर्धेतही मोटरने मिळवलेल्या उंचीचे गुण कापतात, 200 मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा गुण. उडताना एक पंख आपोआप उचलला गेला तर ग्लायडर दुसरीकडे ढकलला जातो. तू मात्र उचललेल्या पंखाच्या बाजूला वळ, थर्मल तिकडे असतं. आणि 120 मीटर जवळ आले की मोह आवर, सरळ बाहेर काढ.

तेव्हा तो पांढरा ग्लायडर यादीतून काढ. आत्ता फक्त ट्रान्समीटर घे, सिम्युलेटरला तोच जोडता येतो. ग्लायडर फेब्रुवारीत, आणि तोही मला दाखवून. आईने किंमत विचारली तर खरी सांग. आपल्या पगारातून आपल्या आनंदासाठी घेतलेल्या वस्तूची किंमत कमी करून सांगायची खोड आपल्या घरातल्या बायकांना आहे, ती तू तरी मोड.