कटऑफची यादी कशी वाचावी?



दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे दोन तऱ्हेचे पालक येतात. एक म्हणतात, "फादर, पोराला नव्वद टक्के पडले, आता मुंबईचंच कॉलेज." दुसरे म्हणतात, "ऐंशीच पडले, मोठ्या कॉलेजात कोण घेणार? अर्ज तरी कशाला भरायचा?" दोघांच्याही हातात गेल्या वर्षीच्या कटऑफचा कागद असतो.

हा कटऑफ म्हणजे काय? त्या फेरीत, त्या शाखेत, ज्या विद्यार्थ्याला शेवटची जागा मिळाली त्याचे गुण. एवढेच. कॉलेज तो आकडा आधी ठरवून दारावर लावत नाही. जागा किती, अर्ज कुणाकुणाचे आले, पेपर सोपे गेले की अवघड, यांवर तो दरवर्षी हलतो. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर आशा बांधू नये आणि सोडूही नये. दोन-तीन वर्षांचे, आणि प्रत्येक फेरीचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पुढच्या फेरीत कटऑफ उतरतोच असेही नाही. जागा मोजक्याच उरल्या आणि चांगल्या गुणांची मुले मागे राहिली असली, तर तो चढतोसुद्धा.

आता जागांचा हिशेब पाहू. समजा, एखाद्या ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेजात एका शाखेच्या 120 जागा आहेत. 2025 च्या नियमांनुसार त्यांतल्या 50 टक्के, म्हणजे 60 जागा अल्पसंख्याक कोट्याच्या. 10 टक्के, म्हणजे 12, संस्थेच्या स्वतःच्या शाळेतील मुलांच्या. 5 टक्के, म्हणजे 6, व्यवस्थापनाच्या. उरल्या 42. वर्तमानपत्रात जो डोळे फिरवणारा कटऑफ छापून येतो, तो बहुधा या उरलेल्या थोड्या जागांचा असतो. आपल्या मुलांना 60 जागांचे दार वेगळे आहे. तेथेही गुणानुक्रमच लागतो, पण स्पर्धा आपल्याच समाजातील अर्जदारांशी असते. मात्र हा अर्ज नियमित पसंतीक्रमाहून वेगळा भरावा लागतो, आणि तो राहून गेला की ते दार बंद. आणखी एक गोष्ट: मुंबईतील कित्येक नामांकित कॉलेजे सिंधी, गुजराती अशा भाषिक अल्पसंख्याकांची आहेत. तेथे अल्पसंख्याक कोटा त्या समाजाचा, आपला नव्हे.

हे झाले संधीचे. मूल तेथे रुजेल का, हा प्रश्न निराळा. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'शक्य' आणि 'उचित' यांतला भेद आम्हांला घोटून घोटून शिकवला गेला. तेव्हा कंटाळा यायचा. आता प्रवेशाच्या दिवसांत तोच सर्वांत उपयोगी पडतो. प्रवेश मिळू शकतो म्हणून तो घ्यावाच असे नाही.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीचे गुण असे आहेत: मराठी 90, हिंदी 96, इंग्रजी 85, समाजशास्त्रे 91, विज्ञान 78, गणित 58. राज्य मंडळाच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह' पद्धतीत सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो. पाच विषयांचे 440, म्हणजे 88 टक्के. घरात पेढे वाटले जातात आणि सगळे म्हणतात, "सायन्सच घे." पण जो विषय गळला तो गणित! अकरावीला गणित घेतले तर तो गळणार नाही. शिवाय विज्ञान व गणितात 100 पैकी 20 गुण शाळेच्या हातचे असतात. ते बाजूला ठेवून लेखी परीक्षेचे 80 पैकी किती पडले, ते पाहावे. या मुलीचे भाषा व समाजशास्त्रांचे गुण तर कला शाखेचे दार ठोठावत आहेत. 88 टक्के घेऊन कलेला जाणे म्हणजे गुण वाया घालवणे, ही समजूत आपल्या भागात फार घट्ट आहे, आणि ती आम्हांला मुळीच पटत नाही.

शाखा आधी ठरवावी, कॉलेज नंतर. एखाद्या कॉलेजचे नाव घेऊन बसलेल्या घरांना कधी कधी ठाऊकही नसते की, तेथे हवी ती शाखाच नाही. 1869 मध्ये येशूसंघीयांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या झेवियर्समध्ये अकरावीला कला आणि विज्ञान याच शाखा आहेत. वाणिज्याच्या मुलाने ते नाव घेऊन काय करायचे?

पसंतीक्रम भरताना भीती नको. 2025 पासून ही ऑनलाइन प्रक्रिया साऱ्या राज्याला लागू झाली आणि तीत दहापर्यंत कॉलेजे भरता येतात. तुमच्या गुणांत वरून खाली जे पहिले कॉलेज बसते, ते मिळते. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. म्हणून क्रम आवडीचाच लावावा, आणि शेवटच्या दोन-तीन ओळींत खात्रीची, जवळची कॉलेजे ठेवावीत. एकच सावधगिरी: पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाकारल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते. केवळ शेजाऱ्यांना सांगायला म्हणून पहिल्या ओळीत काही लिहू नये. नियम बदलत असतात, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिका जरूर वाचावी.

प्रवासाचाही विचार व्हावा. वसई रोड ते चर्चगेट 52 किलोमीटर. घरापासून स्टेशन, गर्दी आणि परतीची वाट धरली तर रोजचे तीन-चार तास जातात. काही मुले ते हसत पेलतात, काही दिवाळीपर्यंत कोमेजतात. आपले मूल कोणत्या जातीचे, हे पालकांनाच कळणार. अर्जाआधी एखाद्या सोमवारी सकाळच्या गर्दीत त्याला सोबत घेऊन एकदा जाऊन यावे, आणि परतल्यावर त्याला विचारावे.

कोट्यासाठी कॉलेज बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला मागते. ज्यांचा बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मग्रामात झाला असेल, त्यांना तो तेथूनच आणावा लागेल. निकालाची वाट न पाहता तो आताच मागवावा.